मीही पाय ठेवला असता

प्रिय ताई,

मी वसईची. लग्न व्हायचंय, नोकरी करते, आईबाबांबरोबर राहते. रविवारची मिस्सा चुकत नाही, घरी रोज संध्याकाळी जपमाळ होते. उपवासकाळात एका मैत्रिणीने मला शुसाकु एंडो यांची ‘सायलेन्स’ ही कादंबरी वाचायला दिली. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिस्ती शेतकऱ्यांचा छळ झाला, त्याची गोष्ट. वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. येशूच्या प्रतिमेवर पाय ठेव म्हणून मला कुणी धमकावलं असतं, तर मी ठेवला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग माझा विश्वास कसला? आई म्हणते, “रचलेल्या गोष्टी वाचून रडण्यापेक्षा शुभवर्तमान वाच.” पण खरं सांगते, शुभवर्तमान ऐकताना मला इतकं रडू कधी आलंच नाही. आता मी अशीच पुस्तकं शोधून वाचते. परवा ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने आपल्या धर्माबद्दल सहज काही विचारलं, तर तो मला शत्रूच वाटला. हे वाचन थांबवू का?

तुमची एक वाचक

प्रिय मुली,

वाचन थांबवू नकोस. फक्त ते वाचून तू स्वतःला जो प्रश्न विचारते आहेस, तो बदल.

आधी आईचं बोलणं घेऊ. शुभवर्तमान वाच हे ती बरोबरच सांगते. पण रचलेल्या गोष्टीत देव बोलत नाही, असं तिला म्हणायचं असेल तर तिच्याच बायबलमधला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय तिच्याबरोबर बसून वाच. दावीद राजाने उरियाची बायको नेली आणि त्याला लढाईत मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती एक मेंढी, आणि ती हिसकावून नेणारा श्रीमंत. असा श्रीमंत नव्हता, अशी मेंढी नव्हती. तरी दावीद संतापून उठला, आणि “तो माणूस तूच” हे ऐकल्यावर कोसळला. नियमशास्त्र त्याला पाठ होतं, तरी जाग आली ती गोष्टीने. तुझंही तसंच झालं आहे. जे वचन तू लहानपणापासून ऐकत आलीस, त्याची किंमत काय असते हे कुणीतरी तुला माणसांच्या तोंडून ऐकवलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिवाय ही गोष्ट पूर्णपणे रचलेलीही नाही. जपानमध्ये 1614 साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. कादंबरीतले क्रिस्तोव्हाओ फेरेरा हे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे, धर्मगुरू खरोखर होऊन गेले. 1633 मध्ये नागासाकीत त्यांना खड्ड्यात उलटं टांगलं आणि त्या यातनेत त्यांनी धर्म सोडला. ख्रिस्ताची किंवा मरियामातेची कोरलेली प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावत, तिला फुमिए म्हणत. एंडोंनी हे सगळं इतिहासातून उचललं आणि 1966 साली कादंबरी लिहिली. ती आली तेव्हा जपानमधले काही कॅथलिक दुखावले. आपल्या हुतात्म्यांविषयी लिहायचं सोडून हा लेखक धर्म सोडून पडलेल्यांच्या मागे का लागला, असं त्यांना वाटलं. मला मात्र त्या पुस्तकाचं बळ नेमकं तिथेच दिसतं.

आता तुझा पहिला प्रश्न. “मीही पाय ठेवला असता” हे वाक्य तू स्वतःविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलंस. मी त्याला प्रार्थनेची सुरुवात म्हणेन. “सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही” असं छातीठोकपणे म्हणणारा येशूचा शिष्य पेत्रच, येशूला पकडलं त्या रात्री, अंगणात एका दासीसमोर घाबरला आणि मी त्याला ओळखत नाही म्हणाला. कादंबरीतला भित्रा किचिजिरो आठव. कादंबरीभर तो विश्वासघात करतो, आणि प्रत्येक वेळी धर्मगुरूपुढे पापाची कबुली द्यायला, कन्फेशन मागायला परत येतो. वाचकाला त्याचा वैताग येतो, धर्मगुरूलाही येतो. तरी तो येतच राहतो. विश्वासापायी भरतीच्या पाण्यात खांबाला बांधलेल्या मोकिचीसाठी तू रडलीस, ते योग्यच. पण तुझी झोप उडवली ती किचिजिरोने, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. मोकिचीकडे आपण खालून वर पाहतो. किचिजिरो आपल्या शेजारी येऊन बसतो.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. 250 साली रोमन सम्राट डेशियसने सगळ्यांना देवतांपुढे बळी अर्पण करायला लावलं, तेव्हा असंख्य ख्रिस्ती लोकांनी भीतीने ते केलं. वादळ ओसरल्यावर ते दाराशी आले. यांना परत घ्यायचं का, यावर मोठं भांडण झालं. कार्थेजचे बिशप सिप्रियान आणि त्यांच्याबरोबरच्या बिशपांनी प्रायश्चित्ताची वाट ठरवली, पण दार बंद केलं नाही.

आणि ज्यांनी खरोखर पाय ठेवला, त्यांचं पुढे काय झालं हे तुला माहीत असायला हवं. कादंबरी मिटल्यावर हा भाग जरूर वाच. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात घराघरातून माणसं बोलावून त्यांना प्रतिमेवर चालायला लावत. लपून विश्वास जपणारी कुटुंबं चालत. घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. कन्फेशन ऐकायला धर्मगुरू उरलेला नव्हता, म्हणून ही प्रार्थनाच त्यांचा आधार होती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बाप्तिस्मा गावातलाच एखादा माणूस देई, प्रार्थना तोंडोतोंडी शिकवत, कानोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत मरियामाता पाहत. असं दोनशे वर्षांहून अधिक काळ चाललं. 1865 च्या मार्चमध्ये नागासाकीच्या ओउरा इथे परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि मग मरियामातेची मूर्ती कुठे आहे असं विचारलं. मुली, ही पाय ठेवणाऱ्यांची नातवंडं-पणतवंडं होती. हुतात्म्यांच्या रक्ताने ख्रिस्तसभा वाढते असं आपण प्रवचनात ऐकतो, आणि ते खरं आहे. नागासाकीत मात्र ती पडून उठणाऱ्यांनीही पोटाशी धरून जगवली. आपल्या प्रार्थनापुस्तकातली पश्चात्तापाची प्रार्थना आजवर तू घाईने म्हणत असशील, तर आता सावकाश म्हण. या वाचनाने विश्वास खोल होतो तो इथे. आपण किती शूर आहोत हे त्यातून कळत नसतं. आपण रोज जे पाठ म्हणतो त्याच्यावर कुणाचं तरी सगळं आयुष्य उभं होतं, हे कळतं.

आणखी एक गोष्ट. एंडोंचा बाप्तिस्मा शाळकरी वयात, आईमुळे झाला. आईने दिलेला हा धर्म आपल्या मापाने न शिवलेल्या परदेशी सुटासारखा वाटायचा, असं ते सांगत. तो त्यांनी टाकून दिला नाही, आयुष्यभर अंगाला बसवत राहिले. तुलाही विश्वास आईनेच दिला, तू मागायच्या आधी. आज तू अस्वस्थ आहेस, म्हणजे तो आता स्वतःचा करायला निघाली आहेस.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. इथे मी तुला स्पष्टच सांगते, कारण तुझ्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती ओळ हीच. छळाच्या गोष्टी एकामागून एक वाचत गेलं की मनात एक गोड दुःख साठतं. आपण निष्पाप, बाकी सगळे टपलेले. दुर्दैवाने काही पुस्तकं तेवढ्यासाठीच लिहिलेली असतात. त्यांत छळ करणाऱ्याला चेहरा नसतो आणि सोसणाऱ्याला एकही दोष नसतो. अशी पुस्तकं बाजूला ठेव. त्यांनी विश्वास वाढत नाही, राग वाढतो. आज जगात आणि आपल्या देशातही श्रद्धेपायी माणसांना त्रास होतो, हे मी नाकारत नाही, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना कर. पण तुझ्या सहकाऱ्याने फक्त प्रश्न विचारला होता. जपानचा इतिहाससुद्धा इतका सरळ नाही. 1805 साली आमाकुसा बेटांवर पाच हजारांहून अधिक लोक लपून ख्रिस्ती रीती पाळताना सापडले. अधिकाऱ्यांनी त्यांना ख्रिस्ती ठरवलंच नाही. चुकीच्या चालीरीती पाळणारे लोक असं नोंदवलं, प्रतिमेवर पाय ठेवायला लावले आणि सोडून दिलं. त्या कागदामुळे किती घरं वाचली! पुढच्या वेळी तो सहकारी चहाला दिसला की तूच विषय काढ आणि त्याने विचारलं होतं त्याचं साधं उत्तर दे.

आईला ‘सायलेन्स’ लगेच वाचायला देऊ नकोस, तिला ती फार बोचेल. तिला आधी वसईच्याच माणसाची गोष्ट सांग. संत गोन्सालो गार्सियांचं नाव तिने हजारदा घेतलं असेल, तुमच्याकडे कॉलेजही त्यांच्या नावाचं आहे. पण वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच असलेला हा वसईचा मुलगा जपानला गेला, जेझुइटांबरोबर धर्मशिक्षण देत राहिला, मग काही वर्षं व्यापार केला, शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, जपानी उत्तम येत असल्याने दुभाषा म्हणून परत पाठवला गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला, हे बारकाव्यांसकट तिला ठाऊक आहे का, विचार. तुझी कादंबरी घडते त्याच नागासाकीत, जेमतेम चाळीसेक वर्षं आधी. जपमाळ झाल्यावर रोज थोडं थोडं सांग. तिने पुढे काय झालं म्हणून विचारलं, की मग पुस्तक दे.

आणि यंदा कन्फेशनला जाशील तेव्हा फादरांना “मीही पाय ठेवला असता” हे मला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं सांग. तुझ्या धर्मग्रामात युवकांचा गट असेल तर हे पुस्तक तिथे न्यायचं का, हेही त्यांनाच विचार.

तुझी,
ताई