वाचकांचे प्रश्न : सिंधुदुर्गातले गोडे पाणी आणि तटाआडचा संसार

प्रश्न : गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला जाऊन सिंधुदुर्ग पाहिला. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यातल्या विहिरींचे पाणी गोडे कसे, तटाच्या पायात शिसे ओतले होते हे खरे का, आणि आत राहणारी माणसे पावसाळ्यात काय करतात, हे सविस्तर सांगावे. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपण पाण्यापासून सुरुवात केलीत, हे योग्यच झाले, कारण या किल्ल्याचे सगळे गणित पाण्यावरच बेतलेले आहे. कुरटे बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत (मालवणीत विहिरीला ‘बाव’ म्हणतात). लहान बेटांवर गोडे पाणी मिळणे हा चमत्कार नव्हे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत साठून राहते. विहीर या थरापुरतीच खोल ठेवली आणि बेताने उपसली, तर पाणी गोडे मिळते. अधाशीपणाने उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर चढते. कोकणात पाऊस भरपूर पडत असल्याने हा साठा दरवर्षी नव्याने भरतो. दूधबावीतून पोहऱ्याने काढलेले पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो आहोत. पाठीमागे तटावर लाटा आदळत असताना त्या पाण्याला खारटपणाचा लवलेशही नसावा, याचे कारण ठाऊक असूनही नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

आता शिशाविषयी. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कामाला प्रारंभ केला, आणि साधारण तीन वर्षांत, १६६७ मध्ये, किल्ला उभा राहिला. त्या खडकावर कोरलेले गणपती, सूर्य आणि चंद्र आजही पाहता येतात. बहुतेक प्रवासी मात्र थेट होडीच्या रांगेत उभे राहतात आणि हे ठिकाण चुकवतात. पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले, ही बाब बखरींच्या परंपरेतून आलेली आहे. लाटांच्या माऱ्यात चुना आळण्याच्या आत धुऊन जातो, तेव्हा पायापुरते शिसे वापरणे बांधकामाच्या दृष्टीने सयुक्तिकच म्हणावे लागेल. एक कोटी होन खर्च झाल्याचे जे सांगतात, तो आकडा मात्र आम्हाला फुगवलेला वाटतो. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे. तट बेटाच्या कडेकडेने सापासारखा वळत गेल्यामुळे त्याची लांबी क्षेत्राच्या मानाने बरीच मोठी, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास, सांगितली जाते. या वळणांतच दरवाजाही असा दडवला आहे की अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. आपली होडी धक्क्याला लागताना हे आपल्या लक्षात आले असेल.

महाराजांच्या पश्चात राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये येथे शिवराजेश्वराचे मंदिर बांधले, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढे त्याला सभामंडप जोडला. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला जिंकून त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरण केले होते. लवकरच तो कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि ते नाव कोणाच्या तोंडी बसलेच नाही. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे कायमचे गेले आणि किल्ल्याचे लष्करी आयुष्य तिथेच संपले.

संपला नाही तो संसार. तटाच्या आत आजही मोजकी कुटुंबे नांदतात. देवळाची पूजाअर्चा, प्रवाशांसाठी कोकम सरबत आणि नारळपाणी, थोडी माडांची लागवड, यांवर त्यांचे चालते. मुलांचे शिक्षण, दवाखाना, बाजार यांसाठी मालवण गाठावे लागत असल्याने अनेकांनी एक पाय तिकडेही ठेवला आहे. मेअखेरीपासून समुद्र खवळतो आणि प्रवासी होड्या तीन महिने बंद होतात. म्हणून त्याआधीच तांदूळ, डाळ, सुके मासे, सरपण यांची आगोट भरून ठेवावी लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला, की मग येणे-जाणे हळूहळू सुरू होते.

प्रश्न : किल्ला जागतिक वारसा यादीत गेल्यामुळे या रहिवाशांना बाहेर काढतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले यादीत गेले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. यादीत नाव गेल्याने कोणाचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही. रहिवाशांची खरी अडचण याहून जुनी आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. इथे तर घरेच स्मारकाच्या पोटात आहेत. वादळात उडालेली कौले पावसापूर्वी बसवायची असतील, तर अर्जावरचा निर्णय होड्या बंद होण्याआधी यायला हवा, आणि कौलेही त्याच होडीतून यायची असतात.