मुलींचा मेंदू मुळातच वेगळा असतो का? आणि ऑटिस्टिक मूल स्वतःचं लिंग वेगळं सांगत असेल तर?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. भाचीला आर्किटेक्चरला जायचंय, पण तिचे वडील म्हणतात, “मुलींना थ्रीडी दिसत नाही, त्यांचा मेंदूच तसा नसतो.” आणि तुमच्या बिल्डिंगमधला एक ऑटिस्टिक मुलगा आपण मुलगी आहोत असं सांगतो, त्यावर लोकांचं म्हणणं, “सगळा मेंदूचा घोळ.” यावर शास्त्र काय म्हणतं, असा प्रश्न. दोन्हीकडे बिचाऱ्या मेंदूलाच साक्षीला उभं केलंय, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

आधी भाचीचं. मी दहावी-बारावीच्या मुलांच्या अभिक्षमता चाचण्या घेते. त्यात एक भाग असा असतो: कागदावर एक खोकं उलगडून सपाट काढलेलं असतं, काही बाजू काळ्या, काहींवर ठिपके. ते दुमडलं तर खालच्या चारांपैकी कोणतं खोकं तयार होईल ते ओळखायचं. घड्याळ चालू. हा भाग आला की वर्गातली चुळबुळ बदलते. कुणी मान तिरकी करतं, कुणी कागदच फिरवतं, कुणी हवेत बोटांनी घडी घालून बघतं. काही मुलं एकदा बघतात, खूण करतात आणि पुढे सरकतात. काही प्रत्येक उत्तर पुन्हा तपासतात आणि वेळ संपते तेव्हा शेवटचे प्रश्न कोरेच राहिलेले असतात. माझ्याकडे तरी पुन्हा तपासणाऱ्यांत मुली जास्त दिसतात. कोऱ्या प्रश्नाला शून्य. अहवालात छापून येतं, ‘अवकाशीय क्षमता : मध्यम’, वडील तो कागद फाइलला लावतात आणि विषय तिथेच मिटतो.

संशोधनातही हे दिसलंय. वेळेची मर्यादा कडक असली की मुलं-मुलींमधला फरक वाढतो, सैल केली की कमी होतो. पण तो पूर्ण नाहीसा होत नाही, हेही तुमच्या मेव्हण्यांच्या बाजूने सांगायला हवं. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्याची चाचणी शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि बुद्धीच्या ज्या मोजक्या कामांत पुरुषांची सरासरी सातत्याने वर येते त्यांत हे काम पहिलं. शब्द लक्षात ठेवणं, झरझर शब्द सुचणं यांत बायकांची सरासरी थोडी वर असते. बाकी बराचसा आरडाओरडाच. जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ मध्ये अशा फरकांवरची ४६ मेटा-विश्लेषणं (म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेले निष्कर्ष) एकत्र ठेवून पाहिली, तर त्यांतले ७८ टक्के फरक किरकोळ किंवा जवळजवळ शून्य निघाले.

वस्तू फिरवण्यातला फरक मात्र मध्यम आकाराचा आहे. मध्यम म्हणजे किती? एक पुरुष आणि एक बाई अशा कुठल्याही १०० जोड्या घेतल्या, तर तीसेक जोड्यांत बाई पुढे निघेल. उंचीचं असंच केलं तर जेमतेम सात-आठ जोड्यांत बाई उंच निघते. म्हणजे ‘मुलगी आहे’ एवढ्या माहितीवर भाचीबद्दल पैज लावणारा माणूस दर तीन वेळांत जवळजवळ एकदा हरणार. तिची चाचणी घेऊन बघणं यापेक्षा सोपं आहे.

या विषयातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग आपल्याच देशात झालाय, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. ईशान्य भारतात खासी आणि कार्बी असे दोन समाज शेजारीशेजारी राहतात. खासींमध्ये वंश आईकडून चालतो, घर-जमीन धाकट्या मुलीकडे जाते. कार्बींमध्ये आपल्यासारखंच, वडिलांकडून मुलाकडे. हॉफमन, ग्निझी आणि लिस्ट या संशोधकांनी दोन्हीकडच्या गावांत मिळून सुमारे १,३०० लोकांना चार तुकड्यांचं एक कोडं जोडायला दिलं आणि वेळ मोजली. २०११ मध्ये निष्कर्ष आले. कार्बींमध्ये पुरुषांना बायकांपेक्षा बराच कमी वेळ लागला. खासींमध्ये फरकच सापडला नाही. कार्बी मुली मुलांपेक्षा कमी शिकलेल्या होत्या, खासींमध्ये शिक्षण दोघांचं सारखं, आणि फरकाचा काही भाग तर निव्वळ शाळेच्या वर्षांनी उलगडला.

यावर लगेच “बघा, सगळं संस्कारांवर आहे” असं कुणी म्हणालं तर मी त्यालाही थांबवीन. दोनच समाज, एकच कोडं. शिवाय खासींकडे बायकांचं राज्य आहे अशी आपली एक गोड समजूत असते. तिथे घर बाईच्या नावावर असलं तरी मामाचा शब्द मोठा आणि गावची सभा परंपरेने पुरुषांची. तरीसुद्धा, जो फरक ‘मेंदूतच’ आहे म्हणून सांगितला जातो तो एका डोंगरावर दिसतो आणि शेजारच्या डोंगरावर दिसत नाही, याचं उत्तर मेव्हण्यांकडे नक्की मागा.

मेंदूच्या आकाराचं एका दमात संपवते. पुरुषांचा मेंदू सरासरीने ११ टक्क्यांच्या आसपास मोठा असतो, कारण अंगच मोठं असतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्रोका नावाचा डॉक्टर मेंदू तोलत बसला होता, त्यातून हुशारीबद्दल काही हाती लागलं नाही. २०१५ मध्ये तेल अवीवच्या दाफ्ना जोएल यांनी १,४०० हून जास्त मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. सुटे भाग घेतले तर काही बायकांत सरासरीने मोठे, काही पुरुषांत. पण सगळेच भाग एकाच टोकाचे असलेला मेंदू क्वचितच सापडला. बहुतेकांचा मेंदू गोधडीसारखा, वेगवेगळ्या लुगड्या-धोतरांचे तुकडे जोडलेला. यावर वादही झाला, कारण संगणकाला सगळी मापं एकत्र दिली तर मेंदू बाईचा की पुरुषाचा हे तो बऱ्यापैकी बरोबर ओळखतो. ओळखू दे. ती बाई इमारतीचा प्लॅन वाचू शकेल का, हे त्याला सांगता येत नाही.

आता, शरीराचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीला दोनऐवजी एकच पूर्ण एक्स गुणसूत्र असतं. अशा बऱ्याच मुली वाचनात, बोलण्यात चांगल्या असतात आणि नकाशे, आकृत्या, गणित यांत अडखळतात. क्लाइनफेल्टरमध्ये मुलाला एक एक्स जास्त असतो. तिथे बोलणं उशिरा येणं, वाचायला जड जाणं जास्त आढळतं. म्हणजे गुणसूत्रांचा विचार करण्याच्या ढंगाशी संबंध आहे. पण तिथेही मुलगा-मुलगी असा सरळ भाग पडत नाही, आणि एकाच निदानाच्या दोन मुली माझ्यासमोर शेजारी बसवल्या तरी त्यांचे आलेख वेगळे निघतात.

भाचीसाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे: ही क्षमता सरावाने वाढते. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापक बाईंनी १९९३ पासून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, या चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू केला. हाताने रेखाटन, ठोकळे, छेद. तो केलेल्या मुलींचं इंजिनिअरिंग सोडून जाण्याचं प्रमाण कमी झालं. टोरंटोच्या एका अभ्यासात (२००७) तर दहा तास धडाकेबाज व्हिडिओ गेम खेळवला. मुलींनी मुलांपेक्षा जास्त प्रगती केली आणि मधलं अंतर जवळजवळ मिटलं. लहानपणी लेगो आणि मेकॅनो कुणाच्या वाढदिवसाला येतात, ते आपल्याला ठाऊक आहेच. नाटाला (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेला) अजून वेळ असेल तर भाचीला रोज अर्धा तास समोरची वस्तू तीन बाजूंनी काढायला लावा. स्टूल, मिक्सर, काहीही.

दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी एका माणसाबद्दल सांगते. बेन बॅरेस हे स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ. ते १९५४ मध्ये मुलगी म्हणून जन्माला आले. एमआयटीत शिकताना त्यांनी वर्गात कुणालाच न सुटलेलं एक अवघड गणित सोडवलं, तर प्राध्यापक म्हणाले, तुझ्या बॉयफ्रेंडने सोडवून दिलं असणार. चाळिशी ओलांडल्यावर, १९९७ मध्ये, ते पुरुष म्हणून राहू लागले. पुढे एका व्याख्यानानंतर श्रोत्यांतलं कुणीतरी म्हणालं की आज बेनचं भाषण उत्तम झालं, त्याचं काम त्याच्या बहिणीच्या कामापेक्षा खूपच सरस आहे. बहीण कुठली, ती म्हणजे आधीचे तेच होते. हार्वर्डचे अध्यक्ष लॅरी समर्स यांनी २००५ मध्ये विज्ञानात वरच्या जागांवर बायका कमी असण्यामागे जन्मजात क्षमता हे एक कारण असू शकतं असं सुचवलं, तेव्हा बॅरेस यांनी पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये खरमरीत उत्तर लिहिलं. दोन्ही बाजूंनी जगून पाहिलेला माणूस, तोही मेंदूचाच अभ्यासक, असा साक्षीदार पुन्हा मिळणं कठीण. आणि जाता जाता, त्यांना चेहरे ओळखता येत नसत. माणसं आवाजावरून, केसांवरून लक्षात ठेवायचे. आपल्याकडच्या लग्नात त्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

आता बिल्डिंगमधलं मूल. तुम्ही ‘मुलगा’ लिहिलंय. ती स्वतःला मुलगी म्हणते, म्हणून मी ‘ती’ लिहिते.

ऑटिझम आणि लिंगविविधता (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं) एकत्र आढळतात, ही लोकांची कल्पना नाही. केंब्रिजच्या वरुण वॉरियर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली. जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्यांना मान्य आहे त्यांच्या तुलनेत ट्रान्स आणि लिंगविविध व्यक्तींमध्ये ऑटिझमचं प्रमाण तीन ते सहा पट निघालं. त्यातली बरीच माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली होती, त्यामुळे आकडा थोडा सैल धरावा. पण दिशा तीच, आणि ती वेगवेगळ्या नोंदींत दिसली. आवाज, स्पर्श, उजेड यांचा जास्त त्रास होणं हेही लिंगविविध लोकांत जास्त आढळलं.

आईवडील इथे मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि आवाज खाली करून विचारतात: “मॅडम, म्हणजे ऑटिझमची थेरपी नीट झाली की हे दुसरं आपोआप जाईल ना?” नाही. एकामुळे दुसरं होतं असं त्या अभ्यासात कुठेही नाही. संबंध का आहे, यावर अंदाज आहेत. मला पटणारा असा: ‘लोक काय म्हणतील’ हे आपल्याला न शिकवता समजतं, ऑटिस्टिक माणसाला ते नियम उपरे वाटतात. ज्याला ते दडपण कमी जाणवतं, तो आतलं बोलून टाकतो. बाकीचे कितीतरी जण गिळून बसत असतील, ते कुठल्या आकड्यात येणार?

या क्षेत्राचा स्वतःचा इतिहासही बघा. ऑटिझमचं सुरुवातीचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांपैकी कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेल्या ११ मुलांत मुली तीनच. पुढच्या वर्षी अस्पर्गर यांनी वर्णिलेले चौघेही मुलगेच. पुढे ऑटिझम म्हणजे ‘अतिपुरुषी मेंदू’ असा सिद्धांतही आला. परिणाम असा की गप्प बसणारी, मैत्रिणींचं बघून हसायला शिकणारी मुलगी ‘लाजाळू’ म्हणून सुटते आणि तिचं निदान तिशीत होतं. शास्त्रज्ञांनी मुलग्यांकडे बघून मापपट्टी केली, मग त्याच पट्टीने मोजून म्हटलं, मुली कमीच आहेत. आणि जी मुलं या दोन खान्यांत बसत नाहीत, त्यांच्यापुरती पट्टी कुणी केलीच नव्हती.

“मग मेंदूचा स्कॅन काढून बघता येईल का?” हाही एक प्रश्न येतो. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये सहा दिवंगत ट्रान्स स्त्रियांच्या मेंदूतला एक छोटासा भाग बायकांसारखा आढळला, तो अभ्यास खूप गाजला. नंतर दिसलं की त्या भागातला स्त्री-पुरुष फरक मोठेपणी तयार होतो, आणि माणसाला तर आपण कोण हे त्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. त्यामुळे स्कॅनवर पैसे घालवू नका. सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातल्या) निकालात लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य करताना कुणाच्या मेंदूची प्रतिमा मागितली नव्हती.

त्या मुलीच्या घरच्यांशी तुमचा बोलण्याइतपत संबंध असेल तर सांगा, दोन्ही गोष्टी समजणारं माणूस शोधा. ‘आधी ऑटिझम बघू, ते दुसरं नंतर’ म्हणणारा आणि ‘ऑटिस्टिक आहे, तिला काय कळतंय’ म्हणणारा, दोघांपासून लांब राहा. आणि घरी विचारायचं तर एका वेळी एकच प्रश्न विचारा. शर्ट नको म्हणते तेव्हा कापड टोचतं की मुलाचा आहे म्हणून नको, की दोन्ही? हे तिला लिहून विचारलं तर जास्त बरं, आणि उत्तराला दोन दिवस लागले तरी मध्ये आपण बोलायचं नाही.