तुळईला अग्निरोधक रंग: दोन हातांत तास मिळत नाही

छताच्या उघड्या तुळयांना (पाइन, १५० × ३०० मिमी) अग्निरोधक रंगाचे दोन हात दिले की आगीत तासभर टिकतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही टिकणार. दोष रंगाचा नाही, हिशोबाचा आहे.

आधी रंग बाजूला ठेवा. लाकडाचा साधारण ३०० अंश सेल्सिअसला कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला आडोसा देतो. म्हणून जाड तुळई झटकन कोसळत नाही, बारीक होत जाते. युरोकोड ५ मध्ये (लाकडी बांधकामाच्या युरोपीय मानकात) पाइनसारख्या मऊ लाकडाला कोळसा होण्याचा वेग मिनिटाला ०.८ मिमी धरतात, वर कोळशामागचा ७ मिमी थर निकामी समजतात. खालून आणि दोन्ही बाजूंनी आग लागली, तर अर्ध्या तासात प्रत्येक बाजू ३१ मिमी जाते. उरते ८८ × २६९. वाकायला विरोध करण्याची ताकद निम्म्याहून थोडी कमी. तासाभराने उरते ४० × २४५, ताकद पाचव्या हिश्शाहूनही कमी. अर्धा तास बहुधा निभेल, तास नाही.

आता रंग. तुम्हाला हवा तो फुगणारा, म्हणजे इंट्युमेसंट. त्यात सहसा अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन असतं. तापल्यावर पहिल्यातून आम्ल सुटतं, त्याने दुसऱ्याचा कोळसा होतो आणि तिसऱ्यातला वायू त्याला फेसासारखा फुगवतो. त्या फेसामुळे लाकडाचा कोळसा व्हायला उशिरा सुरुवात होते. बस, एवढंच काम.

खरी मेख पुढे आहे. फेस गळून पडतो तेव्हा खालचं लाकूड तापलेलं असतं आणि त्यावर स्वतःच्या कोळशाचं पांघरूण नसतं. त्यामुळे पहिले २५ मिमी दुप्पट वेगाने जळतात असं धरावं लागतं. म्हणजे लेपाने पूर्ण ३० मिनिटं थोपवलं तरी साठाव्या मिनिटाला बाजू ३१ नव्हे, जवळपास ४४ मिमी गेलेली असते. ‘लेपाची ३० आणि लाकडाची ३०’ ही बेरीज मी अनुभवी लोकांच्या कागदावरही पाहिली आहे!

डब्यावर ‘बी वर्ग’ लिहिलेलं पाहून भुलू नका. तो वर्ग पेट घेणं आणि ज्वाळा पसरणं याबद्दल असतो, भार पेलण्याबद्दल नाही. विक्रेत्याकडे लाकडावरच्या भारसहन चाचणीचा अहवाल मागा. पोलादावरचा अहवाल पुढे केला तर नम्रपणे परत द्या.

लावताना जुनं व्हार्निश पूर्ण खरवडा. एका कामात ते तसंच ठेवलं होतं. वर्षभरात लेपाचे पापुद्रे हाताने निघू लागले. किती हात दिले ते मोजू नका, चौरस मीटरला किती ग्रॅम बसला ते मोजा आणि ओल्या थरात जाडी मोजायचा दातेरी कंगवा टेकवून जाडी बघत राहा. पॉलिफॉस्फेटला पाणी सोसत नाही, तेव्हा दमट जागी कंपनीने सांगितलेला वरचा हात टाळू नका.

आणि बोल्ट! उघडं लोखंड उष्णता थेट तुळईच्या पोटात नेतं, मग सांधा तुळईच्या आधी जातो. बोल्टची डोकी खोल बसवून वर लाकडी गुटके चिकटवता येतात.

तुळयांचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) किती, वर भार कसला आणि सांधे कसे आहेत ते लिहा. गाळा लहान असेल तर कदाचित रंगाऐवजी खालून जिप्समचे दोन थर स्वस्त पडतील, पण मग तुळया दिसणार नाहीत.