पिशवीत पाच टक्के असेल तर? फॉरेन्सिक सेन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या खेपेला रामन सेन्सरवर, म्हणजे पदार्थावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून तो ओळखणाऱ्या यंत्रावर लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांतली ही काही.

प्रश्न : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे. एका विद्यापीठात फॉरेन्सिकसाठी स्पेक्ट्रोस्कोपिक सेन्सर बनवण्याच्या प्रकल्पात जेआरएफची (कनिष्ठ संशोधन अधिछात्राची) जागा निघाली आहे. फॉरेन्सिकचा गंधही नाही. अर्ज करू का? (सांगली)

जरूर करा. लेसर नीट अलाइन करणारा आणि डिटेक्टरचा नॉइज कुठून येतो हे शोधणारा माणूस अशा प्रकल्पांना सहज मिळत नाही. पंचनामा, मुद्देमाल, सील ही भाषा काम करता करता येते. जेआरएफचे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा.

मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीच विचारा : खरे नमुने कुठून येणार? अमली पदार्थ परवानगीशिवाय विद्यापीठालाही जवळ ठेवता येत नाहीत. एखाद्या न्यायसहायक प्रयोगशाळेशी करार नसेल, तर सगळी वर्षे पॅरासिटामॉलचे वर्णपट घेण्यात जातील आणि प्रबंधाला नाव मात्र फॉरेन्सिकचे राहील.

प्रश्न : हातात धरायचे रामन यंत्र बाजारात मिळते, पिशवी न उघडता पूड ओळखते असे म्हणतात. मग संशोधन करायला उरले काय? (डोंबिवली)

भरपूर. पूड शुद्ध आणि पांढरी असेल तर यंत्र झकास चालते, आणि सील न तोडता तपासता येणे ही मोठी सोय आहे. पण रस्त्यावरची पूड शुद्ध नसते. हेरॉईनमध्ये कॅफीन आणि पॅरासिटामॉल सर्रास मिसळलेले असते. तपकिरी मालातली अशुद्धी लेसरखाली स्वतःच चमकू लागते. या प्रतिदीप्तीत रामनचा संकेत बुडून जातो, कारण तो मुळात फार क्षीण : पडलेल्या प्रकाशातला साधारण कोटीत एखादा फोटॉन रामन पद्धतीने विखुरतो. लेसर ७८५ ऐवजी १०६४ नॅनोमीटरचा घेतला तर चमक घटते, पण संकेतही आणखी क्षीण होतो.

यावर उपाय म्हणून चांदी-सोन्याचे खडबडीत पृष्ठभाग वापरतात. याचा धागा १९७४ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात सापडला. चांदीच्या खरखरीत इलेक्ट्रोडवरच्या पिरिडीनचा संकेत अनपेक्षितपणे जोरदार आला होता. ही वाढ निव्वळ पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढल्यामुळे नाही, हे १९७७ मध्ये दोन गटांनी दाखवले. आज संकेत लाखो पटींनी वाढवता येतो. दुखणे पुढे आहे. असा पृष्ठभाग असलेल्या एकाच पट्टीवर इथे मोजले आणि मिलिमीटरभर सरकून मोजले, तर आकडे जुळत नाहीत. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. शिवाय चांदीला जो रेणू घट्ट चिकटतो त्याचाच आवाज मोठा येतो, मग मिश्रणात तो किरकोळ का असेना. विक्रमी संवेदनशीलतेचे शोधनिबंध ढिगाने निघतात. महिनाभर कपाटात राहिलेली पट्टी तेच उत्तर देते का, हे तपासणारे थोडे. माझ्या मते खरे काम तिथे आहे.

प्रश्न : यंत्राने जागेवरच हेरॉईन दाखवले तर सीए रिपोर्टची (प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची) वाट का बघायची? (पोलीस उपनिरीक्षक, विदर्भ)

साहेब, यंत्राचे उत्तर तपासाला दिशा देते, पुरावा पक्का करत नाही. अमली पदार्थांच्या विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत रामन पहिल्या, म्हणजे सर्वांत नेमकी ओळख पटवणाऱ्या तंत्रांच्या श्रेणीत आहे, तरीही सोबत दुसरे वेगळे तंत्र लागतेच. न्यायालयात सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल चालतो, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली.

उलट बाजू जास्त काळजीची आहे : यंत्र ‘काही नाही’ म्हणाले तर? हेरॉईनची व्यापारी मात्रा (जिला कायद्यात सर्वांत कडक शिक्षा आहे) २५० ग्रॅमपासून पुढे मोजतात आणि २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचे सगळे वजन धरायला सांगितले. म्हणजे पिशवीत पाच टक्केच हेरॉईन असले तरी पूर्ण पिशवी मोजली जाते. नेमके तेवढे पाच टक्के साध्या रामनच्या नजरेतून निसटू शकतात. म्हणून नकारार्थी उत्तरावर मुद्देमाल सोडू नका. आणि काळ्या किंवा गडद पुडीवर लेसर रोखू नका. ती तापते, आणि स्फोटक असेल तर पेटू शकते.

प्रश्न : रक्ताच्या डागावरून गुन्ह्याची वेळ कळते का? मालिकांत तर लगेच कळते. (पणजी)

मालिकांत सगळेच लगेच कळते. डाग जुना होताना हिमोग्लोबिनचे रूप बदलते : ऑक्सिहिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन, पुढे हेमिक्रोम. ताज्या डागात ४१५ नॅनोमीटरजवळ ठळक आणि ५४२ व ५७७ जवळ लहान असे शोषणपट्टे दिसतात. पुढे लहान पट्टे विरत जातात आणि मोठा निळ्या बाजूला सरकतो. हे मोजता येते. पण बदलाचा वेग ऊब, दमटपणा, उजेड आणि डाग कशावर पडला यावर अवलंबून असतो. पणजीच्या पावसाळ्यातला डाग आणि वातानुकूलित खोलीतला डाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. ‘ताजा की जुना’ इतपत सांगता येते, ‘रात्री साडेनऊ’ नाही.

प्रश्न : मुलीला या विषयात पीएच.डी. करायची आहे. नोकरीचे काय? (आई, नाशिक)

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षे दिली आहेत. त्यामुळे माणसे लागणार. तरी सरकारी भरतीच्या भरवशावर बसू नये, ती तिच्या वेळेनेच निघते. सेन्सरचे काम औषधकंपन्यांत, अन्नभेसळ तपासणीत आणि उपकरणे बनवणाऱ्यांकडेही चालते. तिला वर्णपटांचे संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग आत्ताच शिकायला सांगा.