फुकट मिळालेली खुर्ची १८ हजारांना विकली, तर गुन्हा होतो का?

प्रश्न : मी डिचोलीत राहतो. आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पर्वरीच्या वयस्कर जोडप्याचा मेसेज आला, की ते मुलाकडे पुण्याला जात आहेत, घरातले जुने सामान गरजूंनी फुकट न्यावे. मी फ्रीज आणि लांब हातांची शिसवी आरामखुर्ची आणली. ‘आईला बसायला हवी आहे’ असे मी काकींना लिहिले होते. खुर्चीची वेताची वीण फाटली होती. वीण व पॉलिशचे ४,५०० आणि पिकअपचे १,५०० असा खर्च करून मी ती ऑनलाइन १८ हजारांना विकली. मडगावला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने जाहिरात पाहिली. खुर्ची नाहीतर पैसे परत करा, नपेक्षा पोलिसांत जाते, असे ती म्हणते. पोर्तुगीज कायद्याने आपलाही त्यात वाटा होता, असेही तिचे म्हणणे. ग्रुपवर माझा फोटो टाकून ‘फसव्या माणसापासून सावध’ असे लिहिले आहे. दिलेली वस्तू माझीच ना? मग मी तिचे काहीही करीन. फ्रीज अजून घरी आहे, तो विकला तर चालेल का? जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दिलेली वस्तू तुमचीच. एवढ्यावर थांबता आले असते, तर तुम्ही पत्र लिहिलेच नसते.

आधी मालकीचे बघू. बक्षीस म्हणजे मोबदला न घेता, राजीखुशीने दिलेली आणि समोरच्याने स्वीकारलेली वस्तू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १२२ मध्ये ही व्याख्या आहे. जंगम वस्तूसाठी दस्त करावा लागत नाही, ताबा दिला की पुरे. काकींनी दार उघडून खुर्ची तुमच्या पिकअपमध्ये चढवू दिली, त्या घटकेला त्यांची मालकी संपली. नंतर ‘आम्हाला वाटले होते तुम्ही वापराल’ असे म्हणून बक्षीस मागे घेता येत नाही. देणाऱ्याला मनात येईल तेव्हा परत मागता येईल अशी तजवीज असलेले बक्षीस कलम १२६ ने मुळातच निरर्थक ठरवले आहे. समजा त्यांनी ‘ही कधीही विकायची नाही’ अशी अट घातली असती, तरी ती टिकली नसती, कारण मालकी देऊन वर कायमची विक्रीबंदी लादणे कलम १० ला मान्य नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवर पैसे मिळवणे हाही गुन्हा नव्हे. कायद्याला वस्तूची किंमत शून्य होती की लाख, याचे सोयरसुतक नसते.

काही वस्तूंना वेगळे नियम आहेत. डॉक्टरांना फुकट मिळणारी औषधांची सॅम्पल विकायला मनाई आहे, रेशनवरचे मोफत धान्य बाजारात विकता येत नाही. तुमच्या खुर्चीशी त्यांचा संबंध नाही.

मुलीचा पोर्तुगीज कायद्याचा मुद्दा गोव्यात प्रत्येक भांडणात एकदा तरी निघतोच. त्यात तथ्य एवढेच, की आपल्याकडे आईबापांना निम्म्याहून अधिक मालमत्ता मुलांना डावलून बक्षिसाने किंवा मृत्युपत्राने देता येत नाही. उत्तराधिकार आणि इन्व्हेंटरीचा (म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या कामाचा) २०१२ चा गोव्याचा कायदा २०१६ मध्ये लागू झाला, त्यातही हा राखीव हिस्सा आहे. पण तो हिशेब आईवडिलांच्या पश्चात, इन्व्हेंटरीत निघतो. ते हयात असताना एक आरामखुर्ची कोणाला द्यावी, यासाठी मुलीची सही लागत नाही. तेव्हा तिचा हा मुद्दा सोडून द्या.

तिचा दुसरा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. तिने तुम्हाला पाठवलेला मेसेज तुम्ही पत्रात उतरवला आहे : ‘तुमकां दुडू जाय आशिल्ले जाल्यार तशें सांगपाचें आशिल्लें’ (तुम्हाला पैसे हवे होते, तर तसे सांगायचे होते). वकील नसलेल्या या बाईने दाव्याचा नेमका गाभा पकडला आहे.

तुम्ही जोडलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. जाहिरातीतल्या फोटोत खुर्ची पिकअपच्या हौद्यात उभी आहे, दोरी अजून सोडलेली नाही, बैठकीला मधोमध भोक आहे आणि मागे फ्रीजचे दार दिसते. खाली लिहिले आहे, ‘पोर्तुगीजकालीन, १०० वर्षांहून जुनी, वीण नवी करून मिळेल.’ म्हणजे खुर्ची घरी पोचण्याआधीच, निदान खाली उतरण्याआधी, विक्रीचा फोटो काढून झाला होता. आई त्या खुर्चीवर कधी बसल्या का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. न्यायाधीशांनी तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला असता.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे खोटे सांगून, अप्रामाणिक हेतूने एखाद्याला वस्तू द्यायला भाग पाडले तर ती फसवणूक. अशा प्रकारे वस्तू मिळवल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मात्र फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. आईसाठी खरोखर आणली, तिला त्या खोलगट खुर्चीतून उठता येईना, म्हणून महिन्याने विकली, असे असते तर तुमच्या केसालाही धक्का लागला नसता. इथे हौद्यातला फोटो तुमच्याविरुद्ध बोलतो. त्यात मेसेज ‘गरजूंनी न्यावे’ असा होता, म्हणजे विकायला नेतो म्हटले असते तर कदाचित त्यांनी दुसऱ्याला दिली असती. एवढ्याने शिक्षाच होईल असे मी म्हणत नाही. खुर्चीच्या भांडणावरून पोलीस लगेच धावत सुटतील असेही नाही. पण तक्रार अगदीच पोकळ नाही. दिवाणी बाजूनेही फसवून मिळवलेले बक्षीस रद्द करून मागता येते.

खुर्ची मात्र त्यांना बहुधा परत मिळणार नाही. बक्षीस रद्द होण्यापूर्वी ज्याने प्रामाणिकपणे, काही ठाऊक नसताना पैसे मोजून ती घेतली, त्याच्या बाजूने माल विक्री कायदा १९३० च्या कलम २९ चे तत्त्व उभे राहते. म्हणून त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन ती परत मागू नका. हिशेब व्हायचा तो पैशांचा.

आणि ‘१०० वर्षांहून जुनी’ हे कशावरून? खरे असेल, तर कारागिरीचा नमुना म्हणून ती खुर्ची १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते. त्या कायद्याने पुरावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. एक खुर्ची म्हणजे धंदा नव्हे, पण ग्रुपवरून सामान उचलून विकण्याची सवय असेल तर चित्र बदलते. खरे नसेल, तर दुसरी फसवणूक, या वेळी गिऱ्हाइकाची. दोन्हीकडून अडचण, म्हणून पुढच्या जाहिरातीत वय लिहू नका.

आता नीतीचे. तुम्ही तो प्रश्न तिरकसपणे विचारला आहे, मी सरळ उत्तर देतो. फुकटची मोडकी वस्तू दुरुस्त करून विकण्यात मला काहीही वावगे दिसत नाही. बंद घरातले शिसवी सामान इथल्या दोन पावसाळ्यांत बुरशी आणि वाळवीच्या घशात जाते. त्यापेक्षा कोणी वेत विणून ते बसते केले आणि वर चार पैसे कमावले, तर बरेच. ‘मी दुरुस्त करून विकतो, चालेल का?’ एवढे लिहिले असते, तर काकी कदाचित हो म्हणाल्या असत्या, आणि नफ्याचा एक रुपयाही कोणाला द्या असे मी सांगितले नसते. तुम्ही आईचे नाव पुढे केले, हे चुकले.

म्हणून माझा सल्ला असा. ६,००० खर्च वजा जाता १२ हजार उरतात. ते देऊ करा. मुलीला नव्हे, काकाकाकींना, कारण वस्तू त्यांची होती. साध्या पत्रात लिहा, की कोणतीही कबुली न देता आणि आपले हक्क अबाधित ठेवून, वाद मिटवण्यासाठी रक्कम देत आहे. त्यांनी ती स्वीकारून कोणतीही तक्रार उरली नसल्याचे सहीनिशी लिहून द्यावे आणि ग्रुपवरची फोटोची पोस्ट काढून टाकावी. पैसे बँकेतून पाठवा. पत्र पाठवण्याआधी ते एकदा जवळच्या वकिलाच्या नजरेखालून घाला. १२ हजार जड वाटत असतील तर घासाघीस करा, पण शून्यावर अडून बसू नका.

पोस्टबद्दल बदनामीचा दावा करण्याची खुमखुमी आली असेल, तर ती आवरा. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार करता येते, मात्र लोकहितासाठी केलेले खरे विधान बदनामी ठरत नाही, आणि तो हौद्यातला फोटो तिथेही तिच्याच बाजूने दाखल होईल. ग्रुपवर उत्तरही देऊ नका. चॅट आणि जाहिरात मात्र पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचे दिसले तर मूळ तक्रारीपेक्षा तेच महागात पडेल, आणि समोरच्यांकडे त्यांची प्रत असणारच. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडून ते मेसेज दाखल करावे लागतात, त्यासाठी मूळ फोन जपून ठेवा.

फ्रीजबद्दल तुम्ही काही खोटे सांगितल्याचे पत्रात नाही, तेव्हा तो विकायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही खुर्चीचे प्रकरण मिटेपर्यंत थांबा. मग काकींना एक मेसेज टाका, फ्रीज विकतो आहे म्हणून, आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा.