डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह ओपीडीत पाठवलं, म्हणजे उपचार संपले का?

तुमचं वय 54, राहणं ठाण्यात. बारा वर्षांचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि त्यातूनच आता फुप्फुसं कडक होत चालली आहेत. घरातल्या घरात चाललं तरी धाप लागते. छातीच्या डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह ओपीडीची, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या विभागाची, चिठ्ठी दिल्यापासून घरात कुणी मोकळेपणानं बोलत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "साधा स्वयंपाकही होत नाही, सगळ्यांवर भार झालेय."

नाही, उपचार संपलेले नाहीत. संधिवाताच्या आणि फुप्फुसाच्या गोळ्या तशाच चालू राहतील. पॅलिएटिव्ह डॉक्टर त्यांच्या जोडीला धाप, दुखणं, खोकला, झोप, भूक आणि मनाची घालमेल यांकडे बघतील. गोंधळ होतो तो हॉस्पिसमुळे, म्हणजे शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणाऱ्या संस्थांमुळे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे आणि तिथे शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा होते. लोकांना पॅलिएटिव्ह म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. हॉस्पिस हा पॅलिएटिव्ह सेवेचा एक भाग आहे, पण ही सेवा आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर घेता येते. 2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर एक अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांना उदासी कमी होती आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. तुमचा आजार वेगळा आहे, तो आकडा तुम्हाला लागू नाही. पण "तिकडे पाठवलं म्हणजे आशा सोडली" हे खरं नाही, एवढं घरच्यांना दाखवायला तो पुरेल.

आता धाप. बॅटरीवर चालणारा हातातला छोटा पंखा आणा, स्टेशनबाहेरच्या पथाऱ्यांवरसुद्धा मिळतो. चेहऱ्यापासून साधारण वीतभर लांब धरून वारा नाक आणि वरच्या ओठावर पाच मिनिटं घ्या. चेहऱ्याच्या त्या भागाला गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी श्वासाची तहान कमी होते. छताच्या पंख्यानं हे साधत नाही, वारा नेमका तिथे लागायला हवा. त्याच वेळी खुर्चीत पुढे झुकून कोपरं टेबलावर टेका आणि खांदे सैल सोडा. नाकानं दोन आकडे श्वास आत घ्या, ओठांचा चंबू करून चार आकडे बाहेर सोडा, समईची ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळू. कडक फुप्फुसांत हा लांब उच्छ्वास प्रत्येकाला जमत नाही. त्रास वाढला तर तो सोडून द्या, पंखा आणि बैठक पुरे. वाकणं, उचलणं, उठणं या जोराच्या हालचाली मात्र श्वास सोडताना करा. बहुतेक जण नेमका तेव्हाच श्वास रोखून धरतात.

थकव्याचं गणित वेगळं आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. तीन दिवस ओट्याशी उभं राहून किती मिनिटांनी धाप किंवा थकवा सुरू होतो ते लिहा. समजा बारा मिनिटं आली, तर मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की दहा मिनिटं बसा, बरं वाटत असलं तरी. चांगल्या दिवशी हा नियम हमखास मोडतो. "आज बरं आहे" म्हणून डबे घासले, चादरी धुतल्या, गणपतीची सगळी तयारी एकाच दुपारी उरकली की पुढचे दोन दिवस अंथरूण. मग आपण त्या दोन दिवसांसाठी आजाराला किंवा स्वतःला दोष देतो, आणि आदल्या दिवशी जास्त झालं होतं हे विसरतो. आठवडाभर आठ मिनिटं नीट जमली तरच एक मिनिट वाढवा.

भाजी बसून चिरा, कणीक दुसऱ्या कुणी मळू दे, ओट्याजवळ उंच स्टूल ठेवा. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा अंघोळीची घाई नको. उठल्यावर हात कोमट पाण्यात बुडवून ठेवा, तासाभरानं मोरीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करा. अंग पुसण्यातच सगळा दम जातो, त्यापेक्षा टॉवेलचा गाऊन अंगावर चढवून बसलात तर पाणी आपोआप टिपलं जातं.

"भार झालेय" हा विचार बहुधा कधी येतो ते पाहा. दिवेलागणीला, रात्रीच्या जेवणाची वेळ झाली आणि अंगात त्राण नसलं की. त्या वेळी विचाराशी भांडून काही होत नाही, रिकाम्या अंगानं माणूस स्वतःशी कठोरच बोलतो. म्हणून संध्याकाळी काय करायचं नाही हे सकाळीच ठरवा आणि मोठ्यानं सांगा: "आज रात्री मी फक्त भात लावणार." दुसरं, सहन करणं सोडा. "बरं आहे" असं डॉक्टरांना सांगणं म्हणजे त्यांच्या हातातला कागद कोरा ठेवणं. रोज संध्याकाळी एका वहीत धाप, दुखणं, झोप आणि मन यांच्या त्रासाला 0 ते 10 असे आकडे द्या, 0 म्हणजे त्रास नाही. दोन आठवडे उदासी उतरत नसेल, तर तेही त्याच वहीत लिहा आणि सांगा. जगू नये असा विचार आला तर मात्र ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी फोन चोवीस तास मोफत आहे.

कदाचित मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाचा, विषय निघेल. आपल्याकडे 2014 मध्ये कायदा सुधारून ते रुग्णांना मिळणं सोपं केलं गेलं. धापेसाठी देताना मात्रा अगदी कमी असते आणि डॉक्टर ती हळूहळू ठरवतात. पहिले काही दिवस मळमळ आणि झोप येते, मग ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारं औषध सोबत लागतं. तिथे इसबगोल पुरत नाही, पाणी कमी पडलं तर उलट अडकतं. सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखं आतड्याला चालना देणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही सांगा, कारण मॉर्फिन शरीरात साचतं.

दुकानातून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून स्वतःच खाऊ नका, स्टेरॉइड चालू असेल तर त्यासोबत पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. स्टेरॉइड अचानक बंदही करू नका. बसल्या जागी धाप वाढली, ओठ निळसर दिसले, ताप आला किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर 108.

ओपीडीला जाताना वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि मिस्टरांना सोबत न्या. "आशा सोडली का?" हा प्रश्न त्यांनाच विचारू दे, उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. वेळ दुपारची मागा. तोवर सांधे सुटलेले असतात आणि ठाणे स्टेशनच्या जिन्यांवरची सकाळची गर्दीही टळते.