मेल नर्सला परदेशात कोण घेते?

प्रश्न: माझा मुलगा बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आखाती देशांच्या बहुतेक जाहिरातींत ‘फक्त महिला’ असे लिहिलेले असते, असे तो सांगतो. म्हापशातील एक एजंट साडेतीन लाख रुपये मागतो; आधी व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवतो, नोकरी तिथे गेल्यावर लावून देतो, असे त्याचे म्हणणे आहे. माझा धाकटा भाऊ तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असून बोटीवरही नर्स लागतात, असे तो म्हणतो. जर्मनीचेही नाव ऐकतो. काही नातेवाईक आधी पोर्तुगीज पासपोर्ट करून घ्या, असा सल्ला देतात. आम्ही काय करावे? – एक पालक, डिचोली

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

एजंटाचा विषय आधी संपवतो. त्याला पैसे देऊ नयेत. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि तेही पावती देऊन. शिवाय संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांसह 18 देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय नर्सना 2015 पासून, पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असला तरी, एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी) घ्यावे लागते आणि त्यांची भरती मुख्यतः राज्य सरकारांच्या संस्थांमार्फत होते. केरळची नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यांतल्या जुन्या संस्था. कुवेतच्या भरतीत नर्सांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर हा नियम झाला. व्हिजिट व्हिसाची वाट दाखवली जाते ती नेमकी हीच तपासणी चुकवण्यासाठी. त्या व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे आणि पकडला जातो तो मुलगा, एजंट इथेच राहतो. त्याच्याकडे परवाना क्रमांक मागावा आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पडताळून पाहावा. बहुतेक वेळा बोलणे तिथेच थांबते.

‘फक्त महिला’ ही तक्रार खरी आहे, परंतु अर्धीच. आखातातील रुग्णालयांना स्त्रियांच्या कक्षांत आणि प्रसूती विभागात स्त्री नर्सच हव्या असतात, आणि अनेक ठिकाणी रुग्णालयाने दिलेली वसतिगृहेही त्यांच्यासाठीच बांधलेली असतात, त्यामुळे सर्वसाधारण कक्षांच्या मोठ्या भरतीत पुरुषांना स्थान मिळत नाही. मात्र दुबई हेल्थ ऑथॉरिटीची किंवा सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीजची परीक्षा आणि डेटाफ्लो या कंपनीची कागदपत्र पडताळणी स्त्री-पुरुष दोघांना सारखीच असते. डायलिसिस, आपत्कालीन विभाग, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, मनोरुग्ण विभाग, तसेच तेलक्षेत्रांवरील आणि मोठ्या बांधकामांवरील दवाखाने येथे पुरुष नर्स नेमले जातात. (आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत 80 टक्के जागा स्त्रियांना आणि 20 टक्के पुरुषांना, असे एम्सने 2019 मध्ये ठरवले होते.) म्हणून कोणता देश मेल नर्सला घेतो, यापेक्षा आपला मुलगा कोणत्या विभागातला नर्स होणार, हा प्रश्न आधी सोडवायला हवा, आणि तो गोव्यातच सोडवता येतो.

आखाती रुग्णालये नोंदणीनंतरचा बहुधा किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात. पदवी हाती येताच गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी आणि गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), जिल्हा रुग्णालय किंवा मोठे खासगी रुग्णालय, जिथे अतिदक्षता, आपत्कालीन किंवा डायलिसिस विभागात सलग काम मिळेल, तिथे रुजू व्हावे. कंत्राटी जागा असली तरी चालेल. घरापासून जवळ म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये, जिथे सकाळी ड्रेसिंग आणि संध्याकाळी बिलाचा काउंटर सांभाळावा लागतो, तिथे ही वर्षे घालवू नयेत. अनुभवपत्राकडे मुले फार दुर्लक्ष करतात. ‘स्टाफ नर्स म्हणून समाधानकारक काम केले’ या एका ओळीचा उपयोग होत नाही. विभागाचे नाव, रुग्णालयातील खाटांची संख्या, काम पूर्णवेळ होते की अर्धवेळ, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हे सारे त्यात हवे, कारण डेटाफ्लो थेट रुग्णालयाकडे चौकशी करते आणि तिथल्या कार्यालयाने उत्तर दिले नाही किंवा तारखा जुळल्या नाहीत, तर अर्ज रखडतो. पगारपत्रके आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

युरोपच्या बाबतीत मात्र अडचण निराळ्या ठिकाणी येते, आणि मुलग्यांना ती अधिक येते. युरोपीय महासंघाच्या 2005/36 या निर्देशानुसार सर्वसाधारण नर्सच्या प्रशिक्षणात किमान 4,600 तास असावे लागतात आणि त्यात औषधोपचार, शस्त्रक्रिया, बालरोग, मनोरुग्ण आणि वृद्धसेवा यांबरोबर प्रसूतीसेवेचा प्रत्यक्ष अनुभवही असावा लागतो. परदेशी नर्सची कागदपत्रे आयर्लंडचे नर्सिंग बोर्ड आणि जर्मनीतील राज्यांची कार्यालये याच चौकटीत तपासतात. आता प्रसूती कक्षाच्या पोस्टिंगमध्ये मुलग्यांना पडद्याबाहेर उभे करणे किंवा त्या आठवड्यांत दुसऱ्या कक्षात पाठवणे हे आपल्याकडे सर्रास चालते. रुग्णाच्या नातेवाइकांचा आक्षेप असतो, शिक्षिकांनाही वाद नको असतो, आणि खरे सांगायचे तर मुलांनाही सुटल्यासारखे वाटते. त्याची किंमत पुढे चुकवावी लागते. आपल्या मुलाचे हे शेवटचे वर्ष असल्याने अजून वेळ आहे. त्याने प्रसूतीची केसबुक काढून पाहावी: किती प्रसूती पाहिल्या, किती गर्भवतींची तपासणी केली, किती नवजात बालकांची काळजी घेतली आणि प्रत्येक नोंदीखाली सही आहे की नाही. जे कमी असेल ते प्राचार्यांना विनंती करून याच वर्षी भरून काढावे, आणि विषयवार थिअरी व प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारी ट्रान्सक्रिप्ट संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वीच मागून घ्यावी. नोंद मात्र खऱ्या कामाचीच असावी.

जर्मनीविषयी ऐकलेले बरेचसे खरे आहे. तिथे नर्सांची मोठी टंचाई आहे आणि भरतीत मुलगा की मुलगी हा प्रश्न येत नाही. ट्रिपल विन या जर्मन सरकारी उपक्रमात उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही, भरतीचा खर्च तिकडचे रुग्णालय उचलते. भारतात तो केरळमध्ये नॉर्कामार्फत सुरू झाला. साधारण क्रम असा, की भारतात जर्मन भाषेची बी-1 पातळी गाठायची, तिथे जाऊन सुरुवातीला सहायक म्हणून काम करत बी-2 पूर्ण करायची, आणि कागदपत्रांत काढलेल्या उणिवा पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढल्यावर पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळते. भाषेला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज लागते आणि त्यात पळवाट नाही. आणखी एक गोष्ट मुलाला आत्ताच सांगून ठेवावी. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे घरचे माणूस किंवा आया करते. जर्मनीत ती नर्सचीच असतात, आणि रुग्ण बहुतांशी वृद्ध. हे ठाऊक नसताना गेलेल्यांची फार निराशा होते.

इंग्रजी अधिक सोयीचे असेल तर ब्रिटन आणि आयर्लंड आहेत. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदवहीत दहात सुमारे एक पुरुष आहे, तेव्हा तिथे कोणी भुवया उंचावणार नाही. ओईटी या आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ‘बी’, लेखनात ‘सी प्लस’ मिळवावा लागतो; त्यानंतर भारतात संगणकावरची परीक्षा आणि तिथे पोहोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. मात्र 2024 पासून तिथली परदेशी भरती बरीच ओसरली आहे, त्यामुळे केवळ ब्रिटनवर भिस्त ठेवू नये. आयर्लंडमध्ये बोर्डाच्या निर्णयपत्रानंतर अभियोग्यता चाचणी किंवा रुग्णालयातील अनुकूलन काळ पार पाडावा लागतो. या दोन देशांत नोंदणी होऊन पुरेसे काम झालेल्या नर्सना ऑस्ट्रेलियाने 2025 पासून सोपा मार्ग खुला केला आहे, हेही हिशेबात धरावे. अमेरिकेची एनसीएलईएक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होणे शक्य असले, तरी भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

आपल्या बंधूंचे म्हणणे बरोबर आहे. प्रवासी जहाजांवर नर्स लागतात. पण तिथे डॉक्टर मोजके आणि किनारा दूर, म्हणून आपत्कालीन किंवा अतिदक्षता विभागातील काही वर्षांचा अनुभव, एसीएलएस (हृदयविकाराच्या आणीबाणीतील प्रगत उपचार) प्रमाणपत्र आणि सफाईदार इंग्रजी मागतात. पदवीनंतर लगेच ते जमण्यासारखे नाही. अनुभव झाल्यावर अर्ज जरूर करावा, कराराने जाण्यायेण्याची रीत आपल्या घरात नवी नाही. मात्र पुढे रुग्णालयातच परतायचे असेल, तर जहाजावरचा काळ त्या देशाचे नर्सिंग मंडळ कितपत धरते, हे आधी विचारून घ्यावे.

पोर्तुगीज पासपोर्टमुळे युरोपीय महासंघात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो, नर्सची मान्यता मिळत नाही. पदवी भारतीयच राहते, त्यामुळे आयर्लंड असो वा जर्मनी, वर सांगितलेली तपासणी आणि भाषेची अट चुकत नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनसाठीही त्याचा पूर्वीसारखा उपयोग उरलेला नाही. दुसरीकडे, परकीय नागरिकत्व स्वीकारल्यावर भारतीय नागरिकत्व संपते आणि गोव्यातील सरकारी नोकरीचे दार बंद होते. गोमेकॉची कायम जागा मिळण्याची आशा मुलगा बाळगून असेल, तर ती प्रक्रिया इतक्यात सुरू करू नये.